जुनी फियाट, नवे भाग : पान्याचे काम आणि करवतीचे काम

विलेपार्ल्यात जुन्या दोन-तीन मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. इमारत रिकामी करायची वेळ आली की सामान हलते, कागदपत्रे हलतात आणि शेवटी आवारात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जुन्या फियाटचा प्रश्न पुढे येतो. भंगारात द्यावी तर वडिलांची आठवण आहे, ठेवावी तर धड चालत नाही. मग घरातला तरुण मुलगा म्हणतो, हिला आजच्या जमान्याची करून टाकू. जोरदार इंजिन, डिस्क ब्रेक, एसी, रुंद टायर, बकेट सीट, सगळे नवे. गॅरेजवाला मान हलवतो, आगाऊ रक्कम घेतो आणि काम सुरू होते. वर्षभराने पैसा संपलेला असतो, गाडी अर्धी उघडी पडलेली असते आणि आरटीओत ती पास होईल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

हे असे का होते, पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा आणि कोणत्या भागाला अजिबात हात लावू नये, याचा विचार या लेखात करू. आमचा धंदा कापडाचा. गाड्यांच्या बैठकीला लागणारे कापड, रेक्झिन आणि अस्तर यांच्या निमित्ताने गॅरेजांशी आणि सीट कव्हरवाल्यांशी आमचा रोजचा संबंध येतो. आमच्या वाचकांपैकीही बरेच जण याच कामात आहेत. म्हणून गाडीचा मालक आणि कारागीर अशा दोघांच्या सोयीचा हा हिशोब मांडत आहोत.

आपल्याकडची स्पोर्ट्स कार

विलायतेत जुनी स्पोर्ट्स कार म्हटली की एमजी किंवा ट्रायम्फसारखी दोन आसनी, उघड्या टपाची गाडी डोळ्यासमोर येते. आपल्याकडे परवाना पद्धतीच्या काळात अशा गाड्या फारच थोड्या आल्या. त्यामुळे हौशी माणसाने आपली हौस भागवली ती कुर्ल्याच्या फियाटवर आणि मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डवर. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे याच दोन गाड्या सुधारून पळवल्या जात.

कुर्ल्याची फियाट म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची गाडी. फियाट ११०० ची जुळणी १९५० च्या दशकात सुरू झाली. १९६४ च्या सुमारास ११०० डिलाइट आली, १९७२ पासून तिला प्रीमियर प्रेसिडेंट म्हणू लागले आणि १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली. उत्पादन २०००-०१ च्या सुमारास थांबले. तरी टॅक्सी म्हणून ती पुढे वीस वर्षे मुंबईत धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही.

टॅक्सी बंद झाली याचा सुट्या भागांच्या बाजाराशी थेट संबंध आहे. हजारो टॅक्सी रस्त्यावर होत्या म्हणून बुश, लायनर, क्लच प्लेट, पाटे यांचे उत्पादन चालू होते आणि भाव आवाक्यात होते. आता मागणी फक्त हौशी मालकांची उरली. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसचा बाजार आणि चोर बाजार इथे अजून शोधले तर माल मिळतो, पण शोधायला वेळ लागतो आणि अस्सल कोणता, नक्कल कोणती हे ओळखणारा माणूस बरोबर असावा लागतो.

काम दोन प्रकारचे

जुन्या गाडीतले सर्व बदल दोन ढिगांत वाटता येतात. पहिला ढीग पान्याच्या कामाचा. जुना भाग खोलला, त्याच भोकांत नवा बसवला आणि उद्या मनात आले तर पुन्हा जुना बसवता आला. दुसरा ढीग करवतीच्या कामाचा. यात चासिस कापावी लागते, पत्रा फाडावा लागतो, वेल्डिंग करून नवी पट्टी जोडावी लागते. एकदा कापलेली गाडी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की पान्याचे काम हवे तितके करा आणि करवतीचे काम करू नका. यामागे भावना आहे तसा पैसा आहे आणि कायदाही आहे. कायद्याकडे शेवटी येऊ, आधी कामाचा क्रम पाहू.

खुद्द कारखानदारांनीही हे तत्त्व पाळलेले आहे. इंग्लंडची एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६२ पासून १९८० पर्यंत बनली. १९९२ मध्ये रोव्हर कंपनीने तीच गाडी आधुनिक करून एमजी आरव्ही-८ या नावाने आणली. जुन्या साच्यांवर नव्याने दाबलेला सांगाडा घेतला, ३.९ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले, पुढे हवा खेळणारे डिस्क ब्रेक दिले, आत चामड्याची बैठक आणि लाकडी काम केले. पण मागचे ड्रम ब्रेक आणि मागचे पाटे तसेच ठेवले. सुमारे दोन हजार गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. एवढा मोठा कारखाना हाताशी असूनही जे भाग काम देत होते ते त्यांनी बदलले नाहीत, ही गोष्ट आपल्या मिस्त्रींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिला खर्च थांबण्यावर

गिऱ्हाईक इंजिनची गोष्ट आधी काढते. मिस्त्रीने त्याला ब्रेककडे वळवावे. कारण साधे गणित आहे. गाडीत साठलेली गतीची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० किलोमीटरची गाडी ८० वर नेली तर वेग सव्वापटीहून थोडा जास्त वाढतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ताकद १.७८ पट होते, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. इंजिन बदलून ब्रेक जुनेच ठेवणे म्हणजे दुकान वाढवले आणि कुलूप जुनेच ठेवले, असा प्रकार आहे.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ते चांगल्या अवस्थेत असतील तर शहरातल्या वेगाला पुरतात. अडचण सलग वापरात येते. घाट उतरताना वारंवार ब्रेक दाबले की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पाय खाली जाऊ लागतो. डिस्क उघड्या हवेत असते म्हणून लवकर थंड होते. त्यामुळे पुढच्या चाकांना डिस्क बसवणे हा चांगला बदल आहे, पण तो अर्धवट करू नये. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. तोच सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापते. म्हणून कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल हे तिन्ही एकत्र पाहावे लागते.

डिस्कचा खर्च झेपत नसेल तर निदान दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा. बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांचा ब्रेक एकाच नळीवर चालतो. एक नळी फुटली की सगळा ब्रेक गेला. दुहेरी सिलिंडरमध्ये पुढचे आणि मागचे वेगळे असतात, एक गेला तरी दुसरा गाडी थांबवतो. बरोबर रबरी होज आणि व्हील सिलिंडरची रबरे नवी घालावीत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. मुंबईच्या दमट हवेत ते दोन वर्षांनी बदलले पाहिजे, गाडी चालली असो वा उभी असो.

टायरच्या बाबतीत हौस फार चालते. पद्मिनीचे मूळ माप ५.२०-१४ होते. त्याऐवजी १५५ रुंदीचे, ८० उंचीचे, १४ इंची रेडियल घेतले तर हिशोब असा : १५५ चे ८० टक्के १२४, दोन्ही बाजूंचे मिळून २४८, त्यात रिमचे ३५६, एकूण व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर. हा मूळ मापाच्या जवळ बसतो, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा खोटे बोलत नाही आणि टायर पंख्याला घासत नाही. याहून फार रुंद टायर घातले तर स्टीअरिंग जड होते, बेअरिंगवर भार येतो आणि पंखा कापण्याची पाळी येते. म्हणजे पुन्हा करवत आली.

रबर आणि पेट्रोल

जुन्या गाडीच्या मालकाने आजच्या पेट्रोलचा विचार वेगळा केला पाहिजे. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्यानंतर इथेनॉल आले आणि २०२५ पर्यंत देशात त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. फियाट जेव्हा आखली गेली तेव्हा हे पेट्रोल नव्हते.

त्याचे तीन परिणाम होतात. पहिला रबरावर. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतो किंवा चिरतो. गरम इंजिनवर पेट्रोल टपकले तर आग लागते, म्हणून हा खर्च ब्रेकच्या जोडीने पहिल्या यादीत धरावा. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बाजारात मिळतात, भाव थोडा जास्त असतो. दुसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल पाणी धरते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साचते आणि आतून गंज चढतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. तिसरा परिणाम मिश्रणाचा. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. कार्बोरेटर जुन्याच सेटिंगवर ठेवला तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि गाडी धक्के देते. जेट किंचित मोठा घालून मिश्रण पुन्हा लावून घ्यावे.

वीज आणि दिवे

फार जुन्या फियाटमध्ये डायनेमो असतो. इंजिन हळू फिरत असताना तो फारसा करंट देत नाही. हायवेवर पार्ल्याच्या पुलाखाली अर्धा तास अडकून पडले, दिवे आणि वायपर चालू असले, की बॅटरी उतरू लागते. अल्टरनेटर कमी फेऱ्यांतही करंट देतो. तो पट्टीने आणि नट-बोल्टने बसतो, चासिसला धक्का लागत नाही. पुढे एसी किंवा विजेचा पंखा लावायचा असेल तर हा बदल आधी केलाच पाहिजे.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन हे दुसरे स्वस्त आणि उपयोगी काम. पॉइंट झिजतात, त्यांची फट बदलते आणि पावसात गाडी सुरू व्हायला कटकट करते. इलेक्ट्रॉनिक संच डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसतो, बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते. काढलेले पॉइंट डिकीत ठेवावेत, रस्त्यात संच बंद पडला तर जुन्यावर घरी येता येते.

दिव्यांच्या बाबतीत नुसते मोठे बल्ब घालणे धोक्याचे आहे. जुन्या वायरिंगमध्ये दिव्याचा सगळा करंट स्विचमधून जातो. जास्त ताकदीचा बल्ब लावला की स्विच वितळतो. बॅटरीपासून जाड वायर घेऊन मध्ये फ्यूज आणि रिले लावावा. पुष्कळदा एवढ्यानेच मूळ दिव्याचा उजेड वाढलेला दिसतो, कारण वाटेत गळणारे व्होल्ट वाचतात.

इंजिन : ताकद किती हवी?

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद साधारण ४० अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या छोट्या मोटारींपुढे हा आकडा कमी वाटतो, म्हणून इंजिन बदलण्याची कल्पना येते. याच कारखान्याच्या १९८५ च्या ११८ एनई गाडीचे निस्सान पद्धतीचे ११७१ सीसी इंजिन, सुमारे ५२ अश्वशक्तीचे, पद्मिनीत बसवल्याची उदाहरणे आहेत. मारुती जिप्सीचे इंजिनही काहींनी बसवले, कारण जिप्सीचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेत बसते आणि ताकद शाफ्टने मागे जाते. मारुती ८०० किंवा स्विफ्टचे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते, ते फियाटच्या रचनेत उतरत नाही.

पण इंजिन बदलले की गिअरबॉक्स, माउंटिंग, शाफ्ट, रेडिएटर, सायलेन्सर सगळेच बदलते. बहुधा पत्राही कापावा लागतो. खर्च कुठे थांबेल हे सांगता येत नाही.

याउलट इटलीतले एक जुने उदाहरण आहे. १९५३ मध्ये फियाटने ११०० टीव्ही ही जलद गाडी काढली. टीव्ही म्हणजे ‘तुरिस्मो वेलोचे’, वेगवान प्रवासी गाडी. इंजिन तेच १०८९ सीसीचे होते. दुहेरी गळ्याचा वेबर कार्बोरेटर आणि थोडे वाढवलेले कॉम्प्रेशन यांच्या जोरावर त्यातून सुमारे ५० अश्वशक्ती काढली गेली. म्हणजे ब्लॉक न बदलता, इंजिन नंबर न बदलता ताकद वाढते. आपल्या गाडीतही आधी ब्लॉक बोअर करून नवे पिस्टन-रिंग, नीट घासलेले व्हॉल्व्ह, चांगला कार्बोरेटर, बरोबर टायमिंग एवढे केले तर मालकाला फरक कळतो. ज्या गाडीला आपण मंद म्हणतो ती पुष्कळदा केवळ थकलेली असते.

गिअरच्या दांडीचेही तसेच आहे. स्टीअरिंगजवळची दांडी काढून खाली फ्लोअर गिअर करण्याची हौस असते. दांडी अडकते ती बहुधा जोडण्यांची बुश झिजल्यामुळे. बुश बदलली की गिअर पुन्हा मऊ पडतात आणि पुढच्या सलग बैठकीवर तिसरा माणूस बसण्याची सोय कायम राहते.

गारवा

एसी बसवता येतो, पण ४० अश्वशक्तीच्या इंजिनला कॉम्प्रेसर ओढणे जड जाते. चढावर आणि सिग्नलवरून निघताना ते जाणवते. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम रेडिएटर उघडून साफ करणे आणि गरज असेल तर कोअर बदलणे, मग तापमानावर आपोआप चालणारा विजेचा पंखा, मग अल्टरनेटर आणि सर्वांत शेवटी डॅशबोर्डखाली टांगलेला एसी. हे सर्व बोल्टवर बसते. डॅशबोर्ड कापून नव्या गाडीचा डॅशबोर्ड बसवण्याचा मोह टाळावा. जुना डॅशबोर्ड पुन्हा मिळवणे फार कठीण असते.

एसीशिवायही गाडी बरीच थंड करता येते. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला बिटुमेनची शीट आणि वर बंद पेशींचा फोम लावला की उष्णता आणि आवाज दोन्ही कमी होतात. दारांची आणि काचांची रबरे नवी घातली की वारा आणि पावसाचे पाणी आत येत नाही.

बैठक : कापडवाल्याचे चार शब्द

आता आमच्या विषयाकडे येतो. आरामाचा सर्वांत मोठा भाग बैठकीत आहे आणि इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते, कारण गिऱ्हाईक वरचा रंग पाहून माल घेते.

आधी आत काय आहे ते पाहावे. जुन्या बैठकीत स्प्रिंग, त्यावर रबर चढवलेला काथ्या आणि त्यावर पातळ थर असे. काथ्या वर्षानुवर्षांत दबून भुसा होतो. त्या जागी चांगल्या घनतेचा पीयू फोम घालावा, निदान ४० घनतेचा. हलका फोम सहा महिन्यांत बसतो आणि माणूस थेट स्प्रिंगवर येतो. स्प्रिंगचा सांगाडा मात्र फेकू नये. तुटलेली स्प्रिंग बदलून, सांगाडा रंगवून तोच वापरावा म्हणजे बैठकीची मूळ उंची राहते आणि स्टीअरिंगचे अंतर बिघडत नाही.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. माल घेताना उलटी बाजू पाहावी. मागे विणलेले दाट कापड असेल तर ताण सहन होतो, जाळीसारखे विरळ असेल तर शिवणीजवळ फाटतो. दोन्ही हातांनी तिरका ओढून पाहावा, थर सुटत असेल तर माल घेऊ नये. उन्हाळ्यात अंगाला चिकटू नये म्हणून बसण्याच्या भागाला बारीक भोकांचे रेक्झिन किंवा कापड आणि कडेला साधे रेक्झिन अशी जोड चांगली. रेक्झिनचा पन्हा साधारण ५४ इंच येतो. जुने कव्हर उसवून त्याचाच फर्मा काढावा आणि मग मीटर ठरवावे, अंदाजाने माल घेतला की एक तर उरतो किंवा दुसऱ्या लॉटचा रंग जोडावा लागतो.

कापड घ्यायचे तर घरच्या सोफ्याचे घेऊ नये. गाडी उन्हात उभी राहते. कापडाचा रंग उन्हाला किती टिकतो हे निळ्या लोकरीच्या पट्टीवर १ ते ८ असे मोजतात. गाडीसाठी किमान ६ चा माल मागावा. घासण्याला किती टिकतो याची मार्टिंडेल चाचणी असते, व्यापाऱ्याकडे तो आकडा मागावा. आगीच्या बाबतीत गाडीच्या आतल्या मालासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. कागद नसेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून मोकळ्या जागेत पेटवून पाहावा. सुती कापड कागदासारखे जळते आणि राख पडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ज्वाला झपाट्याने वर चढत असेल तो माल गाडीत नको.

शिवणीला सुती दोरा वापरू नये. उन्हाने आणि घामाने तो कुजतो आणि चांगले कव्हर दोन वर्षांत उसवते. जाड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा घ्यावा.

पायाखालच्या नमद्याबद्दल खास सांगावेसे वाटते. जुन्या गाडीत गालिच्याखाली तागाचा किंवा काथ्याचा नमदा असतो. पावसाळ्यात पाणी आत आले की तो भिजतो आणि महिनाभर सुकत नाही. वरून गालिचा कोरडा वाटतो आणि खाली पत्रा कुजत राहतो. गाडी घेतल्यावर किंवा काम काढल्यावर पहिल्याच दिवशी गालिचा उचलून पाहावे. नवा थर पाणी न पिणारा घालावा.

पट्ट्यांचाही विचार करावा. पुढच्या आसनांसाठी सीट बेल्ट १९९४ पासून बंधनकारक झाले, त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत ते नाहीत. बसवताना नुसत्या पत्र्यात बोल्ट मारू नये, मागे जाड लोखंडी पट्टी द्यावी. नाहीतर अपघातात पत्रा फाडून बोल्ट बाहेर येतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. रंग बदलला तरी नोंद करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडी विजेवर करायची असेल तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मंजूर केलेलाच संच चालतो. न नोंदलेला बदल निघाला तर विमा कंपनीही दाव्याच्या वेळी हात वर करू शकते.

दुसरी बाजू खर्चाची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींना १०,००० रुपये. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पार्लेकरांना यासाठी अंधेरी आरटीओत जावे लागते आणि तिथे गाडीची तपासणी होते. कापलेली गाडी तिथे अडते.

तिसरी गोष्ट मालकाच्या फायद्याची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा मोटार यात नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

हिशोब करून पाहा. १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशीला पोचल्या आहेत. १९८५ ची गाडी २०३५ मध्ये पोचेल. आज जो मुलगा करवत चालवून आपल्या १९८० च्या गाडीत दुसरे इंजिन बसवेल, तो २०३० मध्ये मिळणारा हा हक्क आजच घालवून बसेल. ज्याने ब्रेक, अल्टरनेटर, इग्निशन, फोम आणि कापड बदलले आणि काढलेले भाग पेटीत जपून ठेवले, त्याला दोन्ही मार्ग मोकळे राहतात.

कारागिरांसाठी

टॅक्सी गेल्यामुळे फियाटचे काम संपले असे समजू नये. काम कमी झाले, पण दर्जाचे काम मागणारे गिऱ्हाईक उरले आहे आणि ते भावात घासाघीस कमी करते. नव्या पिढीतल्या मेकॅनिकला संगणक जोडून दोष काढता येतो, पण पॉइंटची फट, कार्बोरेटरचा जेट आणि ड्रमची लायनर हाताने लावणारे उस्ताद थोडे राहिले आहेत. ज्यांच्याकडे हे हुन्नर आहे त्यांनी ते मुलांना शिकवावे.

मात्र धंद्याची शिस्त पाळावी. काम घेण्याआधी चारही बाजूंनी आणि गालिच्याखालचे फोटो काढावेत. कामाची यादी लेखी द्यावी, त्यात सुरक्षा, चालणे, आराम आणि शोभा असे चार भाग करावेत. एका भागाचे पैसे मिळाल्याशिवाय आणि काम पुरे झाल्याशिवाय दुसरा भाग उघडू नये. यामुळे गिऱ्हाइकाचा पैसा मध्येच संपला तरी गाडी चालती राहते आणि गॅरेजची जागा वर्षभर अडकत नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून मालकाच्या हवाली करावा. आणि गिऱ्हाईक कितीही आग्रह करीत असले, तरी चासिसला करवत लावण्याआधी त्याच्यासमोर आरसी बुक उघडून ठेवावे आणि त्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवावे.